एकशे एक्केचाळीस ग्रॅम

विहिरीचा व्यास तीन मीटर.
पाणी आज चार मीटर.
व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले सातशे पंच्याऐंशी.
ग्रामसेवकाने पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं.
पुठ्ठा वाळवीने खाल्ला,
गणित बोटांवर बसलं
जशी बापाच्या बोटांवर जाळ्याची गाठ.
अठ्ठावीस हजार लिटर, वर थोडं.
हजाराला पाच ग्रॅम.
एकशे एक्केचाळीस.

तराजू पंचायतीच्या कपाटात,
चावी सरपंचांच्या जावयाकडे, जावई मडगावला.
मी करवंटीने मोजतो.
पेडणेकर सोनारांकडे एकदा तोलून आणली:
खुणेपर्यंत भरली की सत्तर.
दोन करवंट्या आणि एक चिमूट.
"सोन्याच्या काट्यावर ब्लीचिंग?" ते म्हणाले,
पण तोललं, आणि फुंकर मारून काटा पुसला.

बादलीत कालवायची. चुना खाली बसू द्यायचा.
तोवर कठड्यावर बसून राहायचं.
नाक चुरचुरतं, खाडीकडून चिखलाचा वास येतो,
दोन्हींत मला खाडीचा बरा वाटतो, खोटं कशाला बोलू.
मग वरची निवळी दोराने खाली,
दहा-बारा हिसके.
बेडूक उडी मारून जागा बदलतो.
तक्रार करत नाही.

तक्रार द्वारकाकाकी करते.
"काय घातलंस रे मेल्या? पेजेक दवाखान्याचो वास येता!
माज्या सासऱ्यान खणलेली बाव ही.
हिच्या पाण्यान कोण मरूक नाय."
मी गप्प.
दोन वर्षांमागे एकाच आठवड्यात
खालच्या वाडीतली सतरा माणसं आडवी झाली,
सोळा उठली.
जनू तारी तिचा दीर.
त्याच्या होडीवर मी वल्हं धरायला शिकलो.
त्याचं नाव तीही काढत नाही, मीही नाही,
आम्ही वासावर भांडतो.

आणि ती काही घाणेरडी बाई नव्हे.
वेंगुर्ल्याच्या बाजारातून आली की
आधी पाटी खाऱ्या पाण्याने, मग गोड्या पाण्याने,
आडाळी घासून उन्हात उभी,
हातांना चिंच, नखांत राख,
तिच्या उंबऱ्यावर खवला सापडला तर मला दाखवा.
तिची स्वच्छता डोळ्यांना दिसते, नाकाला कळते.
माझी दिसतच नाही.
वास येतो तेवढा, तोही वाईट.

फाल्गुनात एका पहाटे दोर ओला सापडला.
दुसऱ्या पहाटे पण.
म्हणजे मी पाचला येतो,
आणि काकी चारला कळशी भरून जाते.
विहिरीने मला काही सांगितलं नाही,
ती तिच्या सासऱ्याची.

मग मी रात्री साडेनऊला घातलं.
झोपलेल्या पोराला चमच्याने औषध पाजावं तसं, हळू,
बादली कठड्याला आपटू न देता.
आणि चारला बॅटरी घेऊन उभा राहिलो.

ती दचकली. शिवी दिली. कळशी भरली.
मी तिच्याच कळशीतलं पाणी नळीत घेतलं,
थेंब टाकले, बॅटरी धरली.
पाणी पिवळं झालं,
कागदी लिंबाच्या सालीइतकं.

"ह्या काय ता? पाण्याक कावीळ झाली?"
"पिवळा म्हणजे बरा, काकी.
रंग येवक नाय तर भियाचा."
ती नळीकडे बघत राहिली,
मासा ताजा आहे की कालचा
हे कल्ला उघडून बघावं तशी.
"आणि वास?"
"घटकाभर कळशी उघडी ठेव. जाता."
"उघडी ठेवलंय तर मांजर तोंड घालीत."
"मग फडक्यान झाक."
फडकं धुतलेलं घे, हे मी बोललो नाही.
तिला सांगणारा मी कोण.

ती चढण चढून गेली. कळशी तिने ओतली नाही,
इतकंच मला दिसलं, काळोख होता.

आज पाटी डोक्यावर घेऊन जाताना
रस्त्यावरूनच ओरडली,
"पिवळा झाला काय रे?"
सगळ्या वाडीने ऐकलं.
मी हात वर केला.
नखं पांढरी पडलीत माझी, बोटांची सालं निघतात.

व्यास तोच.
पाणी दोन वीत उतरलंय.
नवा आकडा काढायला हवा.